पन्हाळ्याचा अंबरखाना आणि खिशातलं कोठार

मुलांनो, कोल्हापूरला आलात की अंबाबाईचं दर्शन होतं, रंकाळ्यावर फिरणं होतं, तांबडा-पांढरा रस्सा तर होतोच! पण एक दिवस पन्हाळगडासाठी राखून ठेवा. शहरापासून गड जेमतेम २० किलोमीटर. गाडी थेट वर जाते, म्हणून आजी-आजोबांनाही नेता येतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात आपला पन्हाळाही आहे, बरं का!

गडावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे. बाजीप्रभूंचा पुतळा, भक्कम तीन दरवाजा, त्याच्याजवळची तीन मजली अंधारबाव, सज्जाकोठी. पण जास्त वेळ द्या तो अंबरखान्याला. अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. गंगा, यमुना आणि सरस्वती ही इथल्या कोठ्यांची नावं. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असे, असं सांगतात. बाहेरच्या जिन्याने छतावर जायचं आणि छताला ठेवलेल्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी सोय होती.

१६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. मार्चपासून जुलैपर्यंत शिवाजी महाराज गडावर अडकले होते. वेढा पडला की खालून दाणा वर येत नाही. आधी साठवलेलं असेल तेच पुरवायचं. कोठार कितीही मोठं असलं, तरी त्याला भिंती असतातच. म्हणून आत काय ठेवायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

असंच एक कोठार आज आपल्या खिशात असतं. मोबाईल! तोही भरतो, आणि नेमका नको तेव्हा भरतो. आमच्या शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. चौथीतल्या एका मुलाने आईचा फोन आणला होता. तीन दरवाजापाशी त्याने इतके व्हिडिओ काढले, की अंबरखान्याशी पोचेपर्यंत फोन रुसला.

"सर, फोटोच निघंना! जागा नाही म्हणतोय."

"मग सगळं पुसून टाक की!" मित्र ओरडले.

पोरगं कावरंबावरं झालं. त्या फोनमध्ये त्याच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आदल्या वर्षी वारली होती. तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता.

मग आम्ही तिथेच सावलीत बसलो आणि तांदूळ निवडावेत तसं निवडायला घेतलं. फोन आईचा, म्हणून आधी तिला फोन करून विचारलं. 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज' उघडलं, की कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. फोन ३२ जीबीचा, पण त्यातली बरीच जागा फोनच्या स्वतःच्या कारभारालाच लागते. एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा. एक मिनिटाचा व्हिडिओ मात्र शंभर एमबीच्या पुढेही जातो. म्हणजे एका व्हिडिओच्या जागेत तीसेक फोटो! हे गणित मुलांना लगेच पटलं.

व्हॉट्सॲपच्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये तर गंमतच होती. 'सुप्रभात'ची शेकडो चित्रं, आणि तीन ग्रुपवरून आलेला एकच व्हिडिओ तीनदा! आईने फोनवरूनच सांगितलं, "ते सगळं काढा." काढलं. तरी जागा पुरेना. कारण गॅलरीतून पुसलेले फोटो काही दिवस 'ट्रॅश'मध्ये पडून राहतात. ती टोपली नीट तपासून रिकामी केली, तेव्हा कुठे फोन हसला. गंगा कोठीपुढे सगळ्या वर्गाचा फोटो निघाला आणि आजीच्या ओव्याही जागच्या जागी राहिल्या.

घरी गेल्यावर त्याच्या आईने त्या ओव्यांची एक प्रत पेनड्राईव्हवर आणि दुसरी मामाच्या संगणकावर ठेवली. दोन्हीकडे लावून, ऐकून खात्री केली. आलेले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोयही बंद केली.

आणखी एक ध्यानात ठेवा. फोटो गूगल फोटोजवर साठवले असले, तरी तिथून एखादा पुसला तर तो दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय मोठ्यांना विचारून वापरा.

तेव्हा पन्हाळ्याला जाल तेव्हा आदल्या रात्रीच खिशातलं कोठार आवरा. गडावर व्हिडिओ थोडेच काढा. आधी डोळे भरून पाहा. आणि त्याआधी, आज संध्याकाळीच एक काम करा. घरातल्या फोनमध्ये आजी-आजोबांचा आवाज कुठे आहे का, ते शोधा. सापडला तर त्याची दुसरी प्रत करून ठेवा. नसेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आजी, एक गोष्ट सांग ना!"