पिंपाचा आवाज

शहरात राहत होतो तेव्हा दर रविवारी कोंबडीच्या दुकानासमोर आम्ही दोघे रस्त्याकडे तोंड करून उभे राहत असू. पाठीमागे पिंजऱ्याचे दार वाजे, एक केकाटणे ऐकू येई, मग निळ्या प्लास्टिकच्या पिंपात काहीतरी टाकल्याचा आवाज होई आणि ते पिंप थोडा वेळ धडधडत राही. ती धडधड किती वेळ चालते हे आम्हांला पाठ झाले होते. ती थांबली की आम्ही वळून विचारीत असू, "कलेजी-पेटा घातला ना?" इतक्या वर्षांत पिंपात डोकावून मात्र एकदाही पाहिले नाही. आम्ही दोघेही साहित्य शिकवणारे. 'अनुभवाला थेट भिडणे' हे शब्द वर्गात आमच्याइतक्या सैलपणे क्वचितच कोणी वापरले असतील.

निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या गावी येऊन राहिलो आणि गिरिराज जातीची बारा पिल्ले आणली. बल्बच्या उबेला ठेवली, मानमोडी होऊ नये म्हणून आठवड्याच्या आत लासोटा लशीचा थेंब प्रत्येकाच्या डोळ्यात टाकला. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. माणसाच्या आणि कोंबडीच्या मरणाला एकच नाव देताना भाषेला संकोच वाटला नव्हता.) एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी आम्हांला ओळखता येत नव्हते. बारांपैकी सात कोंबडे निघाले. पाचव्या महिन्यात ते एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करू लागले आणि पाचही तलंगांच्या पाठी पिसे उपटून उघड्या पडल्या. एक कोंबडा ठेवून बाकीचे काढणे भाग होते. विकून टाकता आले असते. पण मग ते पुन्हा कुठल्यातरी पिंपातच गेले असते, आणि आम्ही पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभे.

पहिला कोंबडा आम्ही वाईट मारला. यापलीकडे त्याचे दुसरे वर्णन नाही. सकाळी उजाडल्यावर, अंगणभर पाठलाग करून, पाय धरून उलटा उचलला. सुरी स्वयंपाकघरातली, कांदा चिरायची. एकाने धरला, दुसऱ्याने कापला, आणि पहिल्याच ओरखड्याला कापणाऱ्याचा हात मागे आला. कोंबडा ओरडला. दुसऱ्यांदा सुरी फिरवावी लागली, मग तिसऱ्यांदा. त्या दिवशी रस्सा झाला, तो आम्ही खाल्लाही. टाकून देणे हा आणखी एक अपराध झाला असता. मांस वातड होते. नंतर कळले की मारल्यावर स्नायू ताठरतात. सोललेला कोंबडा दिवसभर थंडाव्यात ठेवल्यावाचून शिजवू नये.

शेजारच्या काकी दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ओरडणे ऐकले होते. म्हणाल्या, "तुमी घाबारलास, म्हणान तो घाबारलो. आदी सुरयेक धार लावा."

पुढचा आठवडा आम्ही धारेच्या दगडावर घालवला. टांगता धरलेला कागद आवाज न करता चिरला जाईपर्यंत काकींनी दुसऱ्या कोंबड्याला हात लावू दिला नाही. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचे बूड कापून, तोंड रुंद करून आम्ही एक नरसाळे तयार केले आणि अंगणातल्या खांबाला ठोकले. त्यात कोंबडा डोके खाली करून बसतो; पंख आवळलेले राहिल्याने फडफडून हाड मोडत नाही. ही युक्ती आम्ही पुस्तकात वाचलेली. काकींनी ती पाहून मान डोलावली, याचा आम्हांला परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखा आनंद झाला. बाकीचे सारे त्यांचे. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी मात्र चालू. पहाटे अंधारातच उचलायचा, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि ती झोपेतल्या मुलासारखी हाती येते. पाय धरायचे नाहीत. पंख अंगाशी घेऊन काखेत धरायचा आणि तसाच काही वेळ उभे राहायचे. त्या वेळी कोंबड्याचे हृदय आपल्या बरगडीला लागते. सुरुवातीला फार जलद असते, मग थोडे मंदावते.

'कसायाला गाय धार्जिणी' ही म्हण आम्ही अनेकदा समजावून दिली होती. काखेतला कोंबडा निवल्यावर ती निराळीच कळली.

जबड्याखालची पिसे बाजूला करून दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकापाठोपाठ कापायच्या. एकच बाजू कापली तर दुसरीकडून मेंदूला रक्त मिळत राहते आणि शुद्ध लवकर हरपत नाही. दुसरा कोंबडा ओरडला नाही. डोळा मिटत गेला. पापणीला बोट लावले तर हलली नाही. आणि मग एकाएकी नरसाळे हादरू लागले. आम्ही दचकलो. काकी म्हणाल्या, "आता तो नाय. पंख तेवडे आसत."

म्हणजे पिंपात आम्ही इतकी वर्षे ऐकत होतो तेही हेच का? काही अंशी असेल. पण घाईत एका हिसक्यात कापून पिंपात फेकलेल्या पक्ष्याची शुद्ध गेली होती की नाही हे कोणी पापणीला बोट लावून पाहिलेले नव्हते.

आपण कोंबडी 'मारत' नाही, 'कापतो'. भाजी, केस, पतंग, खिसा, सगळे कापलेच जाते. आणि भूतकाळात गेलो की क्रियापदही कर्त्याला सोडते: 'आम्ही कोंबडा कापला', 'आम्ही कोंबडी कापली'. कर्मणी प्रयोग म्हणून हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात अन्नासाठी प्राणी मारण्याला सूट आहे. अट एवढीच, की त्यात अनावश्यक वेदना वा यातना होऊ नयेत. पहिल्या वाचनाला हे 'अनावश्यक' विशेषण आम्हांला पळवाट वाटले होते. आज त्याचा अर्थ पुष्कळसा मोजता येतो. बोथट सुरी अनावश्यक होती. पाठलाग अनावश्यक होता. मागे घेतलेला हात, जो त्या क्षणी दयेपोटी मागे आला असे आम्हांला वाटले, तो सर्वांत अनावश्यक.

पुढचे काम सवयीचे होते. साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवला की पिसे मुठीने निघतात. यकृताला चिकटलेला हिरवा पित्ताचा फुगा फुटू न देणे एवढेच काय ते कौशल्य. फुटला तर कडवटपणा धुऊन जात नाही.

ठेवायचा कोंबडा निवडताना आमच्यात वाद झाला. अखेर तलंगांना न छळणारा, स्वभावाने सर्वांत शांत असा एक ठेवला. काखेत घेतला तर तोच सर्वांआधी निवत असे. सहावा कापला त्या सकाळी आम्ही खांबाजवळ पाणी ओतून जागा धूत होतो, तेव्हा तो पायांशी येऊन ओल्या मातीत टोचू लागला. हुसकावला तरी हलेना.