सोळा की सतरा?

मोठे चाक म्हणजे वेगवान गाडी, ही समजूत आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये रोज ऐकू येते. तिचे मूळ बहुधा बैलगाडीत असावे. मोठ्या चाकाला खड्डा लहान वाटतो, हे आपल्या सुतारांना कोणी शिकवावे लागले नाही.

स्पोर्ट्‌स कारचे गणित निराळे आहे. माझा मामेभाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. बचतीतून त्याने जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली. दोन माणसांची, वजन सुमारे एक टन, इंजिन दीड लिटरचे, रिम १६ इंची. दोन लिटरच्या गाडीवरची १७ इंची चाके त्याच्या डोळ्यांत भरली आहेत. "तू फिजिक्सवाला, बदलू का सांग," असे त्याने विचारले. त्याची वर्षाची शिल्लक त्यात जाणार, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊनच बसलो.

त्याच्या टायरवर १९५/५० आर १६ असे लिहिलेले आहे. १७ इंचीवर २०५/४५ आर १७. हिशेब केला तर पहिल्याचा व्यास सुमारे ६०१ मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा ६१६. म्हणजे रिम एका इंचाने वाढली तरी सबंध चाक जेमतेम अडीच टक्के वाढते, कारण टायरची भिंत खुजी होते. कानडी विभागातल्या मित्रांना गंमत वाटेल : 'गाली' म्हणजे चाक, 'गाळि' म्हणजे हवा. रिम वाढवायची म्हणजे गालीतली गाळि कमी करायची!

यात फायदा नाही असे नाही. उंच भिंतीचा टायर वळणावर आधी कलतो, मग गाडी वळते. खुजी भिंत स्टिअरिंगला लगेच ओ देते. शिवाय मोठ्या रिमच्या पोटात मोठी ब्रेक-डिस्क मावते. जबर इंजिनाच्या गाड्यांना मोठी रिम लागते ती मुख्यतः यासाठी. पण नुसती चाके बदलून आमच्या बंधुराजांचे ब्रेक थोडेच मोठे होणार? आणि फॉर्म्युला वनच्या गाड्या तर २०२१ पर्यंत १३ इंची रिमवरच धावत होत्या. १८ इंची आली २०२२ साली. त्याआधी त्या मंद होत्या असे कोण म्हणेल?

खरी किंमत मोजावी लागते ती वजनात. प्रयोगशाळेत फ्लायव्हील फिरवताना कंटाळणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावे. गाडीतल्या सामानाला नुसते पुढे न्यायचे असते. चाकाला पुढेही न्यायचे आणि फिरवायचेही. म्हणून वेग घेताना टायरच्या पृष्ठभागावरचा एक किलो जवळजवळ दोन किलोइतका भारी पडतो, रिमच्या कडेचा सुमारे दीड किलोइतका. मोठी रिम साधारणपणे जडही असते, आणि तिची धातू मध्यापासून दूर सरकते. वर हे वजन स्प्रिंगच्या खालचे. खडबडीत रस्त्यावर जड चाक उसळले की ते पुन्हा जमिनीला टेकायला उशीर लागतो, आणि अधांतरी चाकाला पकड कसली?

व्यासातले ते अडीच टक्केही फुकट जात नाहीत. त्याच गिअरमध्ये रस्त्यावरची ओढ तेवढीच घटते. दोन लिटरच्या इंजिनाला ते खपून जाते. दीड लिटरच्याला चढावर जाणवेल.

१९८९ सालच्या पहिल्या एमएक्स-५ ला १४ इंची रिम होती, टायरची भिंत १११ मिलिमीटर, आणि वळणांवरच्या तिच्या चपळाईचे कौतुक जाणकार अजून करतात. १७ इंची चाके देखणी आहेत, हे मी भावाला मोकळेपणाने कळवले. मात्र बदलायचेच असेल तर १६ इंचीच, पण हलकी रिम घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत ओल्या रस्त्यावर धरणारे उत्तम टायर. इंग्लंडात पाऊस आपल्या बेळगावसारखा चार महिने पडून थांबत नाही.