चौघांची टीम, तिघांचं मत

पीपीटी ही आपल्या पिढीची मातृभाषा आहे, बॉस! सोमवारी रिव्ह्यू, बुधवारी क्लायंट, शुक्रवारी संध्याकाळी ‘जरा छोटंसं प्रेझेंटेशन करून टाक ना’. त्यामुळे चौघांनी मिळून प्रेझेंटेशन करणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नकोच. एक जण आकडे काढतो, एक जण स्लाइड्स सजवतो, एक जण बोलतो आणि चौथा लॅपटॉपपाशी बसून ‘नेक्स्ट’ दाबतो. मार्क किंवा शिव्या मात्र चौघांना सारख्याच!

जानेवारी २०२५ मध्ये बारामतीतल्या एका मॅनेजमेंट कॉलेजने मला केस स्टडी कॉम्पिटिशनची परीक्षक म्हणून बोलावलं. मी मास कॉमवाली, फ्रीलान्स लिहून पोट भरणारी. बिझनेस स्ट्रॅटेजीशी माझा संबंध म्हणजे थकलेल्या पेमेंटसाठी गोड शब्दांत मेल लिहिणं, एवढाच. पण तीन परीक्षकांमध्ये एक प्राध्यापक होते, एक एमआयडीसीतल्या कंपनीचे मॅनेजर, आणि मी फक्त ‘कम्युनिकेशन’चे वीस मार्क द्यायला. म्हटलं, चला!

नियम मस्त होता. केस बारामती-इंदापूर परिसरातलीच हवी. केस स्टडी म्हटलं की आपल्याला हार्वर्ड आणि कोक-पेप्सी आठवतात. पण या दोन तालुक्यांतला मालही काही कमी नाही. पियाजिओची व्हेस्पा २०१२ मध्ये भारतात परत आली ती बारामतीच्या प्लँटमधून. मुलांचं लाडकं किंडर जॉय बनवणारी फेरेरोही इथलीच. आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर! वालचंद हिराचंद यांनी तिथे ऊस पिकवला, साखर कारखाना काढला. मग साखरेची यंत्रं बनू लागली आणि पुढे त्याच गावात इस्रोच्या रॉकेटचे भागही तयार झाले. यापेक्षा भारी ‘डायव्हर्सिफिकेशन’ कुठल्या पुस्तकात सापडेल?

व्हेस्पावाली टीम एकदम चकाचक होती. चौघंही ब्लेझरमध्ये, घड्याळ लावल्यासारखी पंधरा मिनिटं. मी सहज ब्रँडचा इतिहास सांगणाऱ्या मुलाला किमतीच्या स्लाइडवरचा एक प्रश्न विचारला. तो गोड हसला. ‘मॅम, तो पार्ट माझ्याकडे नव्हता.’ ओळखीचं वाटतंय ना?

मग आली साखरवाली टीम. त्यांची केस होती एका सहकारी साखर कारखान्याची, आणि गणित सोपं करून सांगितलं होतं. उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. २०१८-१९ मध्ये तो क्विंटलला २७५ रुपये होता, २०२४-२५ मध्ये ३४० झाला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली ती तिथेच. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. कच्चा माल महाग, पक्का माल अडकलेला. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. (चौदा दिवस! मी मनातल्या मनात माझी थकलेली बिलं मोजली.)

पुढे मायकेल पोर्टरच्या १९७९ मधल्या ‘फाइव्ह फोर्सेस’ची स्लाइड. ‘पुरवठादाराची ताकद : कमी.’ आणि शेवटी शिफारस : राज्य सरकारच्या २०२२ च्या निर्णयानुसार उसाचे पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. पहिला लगेच, दुसरा हंगाम संपल्यावर साखर उताऱ्याचा हिशोब झाला की. तोवर कर्जाचं व्याज वाचेल.

मॅनेजरसाहेबांनी शांतपणे विचारलं, ‘हे वाचलेले पैसे कुणाच्या खिशातून आले?’

बोलणारी मुलगी थबकली. आणि लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा, जो इतका वेळ फक्त ‘नेक्स्ट’ दाबत होता, म्हणाला, ‘आमच्या, सर.’

तो इंदापूर तालुक्यातला. ‘पुरवठादार म्हणजे माझे वडील. आणि कारखान्याचे सभासद, म्हणजे मालक, ते पण वडीलच. पोर्टरच्या चौकटीत त्यांना कुठं बसवायचं तेच मला कळंना. टनाला चारशे रुपये मागं राहिले धरा, आमचा ऊस शंभर टन. चाळीस हजार. ते मेमध्ये मिळणार, आणि माझ्या फीचा हप्ता मार्चमध्ये.’

मी विचारलं, ‘मग हे स्लाइडवर का नाही?’

‘आमच्यात मतदान झालं, मॅडम. तीन विरुद्ध एक.’

आता हॉल शांत. पण ती मुलगीही कच्ची नव्हती. तिने माइक त्याच्या हातात दिला आणि माइकशिवाय, जरा मोठ्याने म्हणाली, ‘पण कारखान्याने पैसे आणायचे कुठून, ते पण सांग. साखर तारण ठेवून कर्ज काढलं तर त्याचं व्याज शेवटी सभासदांच्याच डोक्यावर.’ पुढची पाच मिनिटं दोघं भांडले. आकडे घेऊन भांडले. दोघांचंही बरोबर होतं, आणि स्ट्रॅटेजी म्हणतात ती बहुधा हीच!

मार्क देताना आमच्यातही गंमत झाली. प्राध्यापक म्हणाले, टीममध्ये एकवाक्यता नाही, मार्क कापायला हवेत. मी म्हटलं, सर, दिवसभरात खरं कम्युनिकेशन एवढंच झालं. मी त्यांना वीसपैकी अठरा दिले. पण मार्कांच्या तक्त्यात ‘मतभेद’ नावाचा रकानाच नव्हता. व्हेस्पा पहिली आली, साखर तिसरी. बेरीज बरोबर होती, मी हुज्जत घातली नाही.

पुढे १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने दोन हप्त्यांचा तो शासन निर्णय रद्द केला. म्हणून तो मुलगा जिंकला असं नाही. पैसे कुठून आणायचे, हा त्या मुलीचा प्रश्न कोर्टाने सुटत नाही. पण चौघांपैकी एकाने जे पाहिलं होतं, ते तिघांच्या बहुमताने स्लाइडवरून पुसलं गेलं होतं, एवढं नक्की.

तेव्हापासून कुठल्याही टीमची तयारी बघायला बसले की मी तीन गोष्टी करायला लावते. एक, रिहर्सलला स्लाइड्सची अदलाबदल करा. दुसऱ्याची स्लाइड सांगता आली नाही, तर ती टीम नाही, शेअर रिक्षा आहे. दोन, शिफारशीखाली लिहा : याचे पैसे कोण भरणार? तीन, एक स्लाइड मतभेदाची ठेवा : आमचं इथे पटलं नाही, कारण हे. बॉस भडकेल? कदाचित. पण क्लायंटने हाच प्रश्न विचारल्यावर सगळ्यांसमोर चाचपडण्यापेक्षा ते परवडलं.

आणि फीचं काय झालं? मार्चमध्ये मी न राहवून मेसेज केला. उत्तर आलं : ‘चुलत्याकडून उसने घेतले, मॅडम. दुसरा हप्ता आला की परत देणार.’ खाली आणखी एक ओळ होती : ‘फायनल प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. ती पण आहे टीममध्ये.’