परंतुकापर्यंत वाचा

वाटपाचा दावा आला की मी आधी बेअर अ‍ॅक्ट उघडते, निकालपत्रे नंतर. हल्लीचे तरुण वकील उलट्या वाटेने जातात. मोबाईलवर निकाल शोधायचा, अशिलाला सोयीचा परिच्छेद उचलायचा आणि त्यात उद्धृत केले असेल तेवढेच कलम वाचायचे. कायद्याचा अर्थ कसा लावावा, हा विषय लॉ कॉलेजात एका पेपरपुरता असतो. शब्दशः अर्थाचा नियम, कायदा कोणता दोष दूर करायला आला ते पाहा असे सांगणारा १५८४ चा हेडन खटला, न्या. जी. पी. सिंग यांचा जाडजूड ग्रंथ, हे सगळे परीक्षेपुरते पाठ होते. कुठला नियम कुठे चालतो हे मात्र एखादे कलम एखाद्या कुटुंबाला लावून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम ६ देते. आधी जुने, मग नवे.

जुन्या कलमाचे मुख्य वाक्य सांगते: एकत्र कुटुंबातला पुरुष सहदायाद, म्हणजे जन्मानेच घरच्या मिळकतीत हक्क असलेला, वारला, तर त्याचा हिस्सा हयात सहदायादांकडे जाईल. म्हणजे पुरुषांकडेच. इथे वाचन थांबवले तर बायकांना काही नाही. पण खाली परंतुक आहे: मागे बायको, आई, मुलगी अशी पहिल्या वर्गातली स्त्री वारस असेल, तर तो हिस्सा वारसाहक्काने जाईल. आणि त्याखाली स्पष्टीकरण: हिस्सा किती, तर मृत्यूच्या लगेच आधी वाटप झाले असते तर त्याच्या वाट्याला आला असता तेवढा.

हे न झालेले वाटप कुठवर खरे धरायचे? सांगलीच्या दिवाणी न्यायालयात १९६३ साली मगदूम कुटुंबातल्या एका विधवेने दावा लावला. नवरा १९६० मध्ये वारलेला; मागे ती, दोन मुलगे आणि तीन मुली. वाटप झाले असते तर नवरा, ती आणि दोन मुलगे यांना पाव-पाव हिस्सा आला असता, कारण आपल्याकडे बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. नवऱ्याच्या पाव हिश्शाला सहा वारस, प्रत्येकी एक चोविसांश. आता विधवेला तो एक चोविसांशच द्यायचा, की धरून चाललेल्या वाटपातला तिचा स्वतःचा पावही? खालच्या कोर्टाने एक चोविसांश दिला. उच्च न्यायालयाने सात चोविसांश दिले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. हे मगदूम निकालपत्र न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे. त्यांचे म्हणणे सरळ आहे: कायदा वाटप झाले असे धरायला लावतो, तर ते शेवटपर्यंत धरा; नवऱ्याचा हिस्सा मोजण्यापुरते धरून बायकोच्या वेळी सोडून देता येत नाही. मला हे निकालपत्र फार आवडते. स्पष्टीकरणाची एक ओळ नीट वाचली गेली, म्हणून त्या बाईच्या पदरात तिचा पाव हिस्सा पडला.

त्याच हिशेबात भावांना सात-सात चोविसांश आणि बहिणींना एक-एक. हे मोडले २००५ च्या दुरुस्तीने. आता मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद. तेच कुटुंब नव्या कलमाखाली मांडा: सात हिस्से, बापाच्या एक सप्तमांशाला सहा वारस, म्हणजे प्रत्येकाला एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश. बेरीज एक षष्ठांश. हे गणित मी वहीत सोडवून घेतेच. बहिणीचा चोविसातला एक सहातला एक झाला, हे स्वतःच्या हाताने मांडले की दुरुस्ती कशासाठी आली हे वेगळे शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्राने असा बदल १९९४ मध्येच केला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या कलमात लग्नाचा शब्दही नाही. कायद्याने काय लिहिले नाही, तेही वाचावे लागते. तरी ‘लग्न होऊन तीस वर्षे झाली, आता कसला हिस्सा’ हा बचाव आजही कैफियतीत येतो.

नव्या कलमाचा अवघड भाग पहिल्याच ओळीत आहे. दुरुस्ती अमलात आल्यापासून, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी जन्माने सहदायाद होते. एकाच वाक्यात तारीखही आणि जन्मही. बाप त्या तारखेआधीच वारला असेल तर? २०१५ च्या फुलवती निकालाने तारखेला वजन दिले: त्या दिवशी बाप आणि मुलगी दोघेही हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा निकालात बाप २००१ मध्येच वारला होता, तरी मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही खंडपीठे दोन-दोन न्यायमूर्तींची. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला.

त्यांना आधार मिळाला तो विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या जुन्या ग्रंथातल्या एका भेदाचा. वारशाने येणाऱ्या धनाचे दोन प्रकार मिताक्षरेत आहेत. जन्मानेच हक्क येतो तो अप्रतिबंध दाय. मालक मरेपर्यंत जो अडून राहतो तो सप्रतिबंध. मुलीचा हक्क जन्माने आला असेल, तर तो बापाच्या मरणावर अडलेला नाही. मग बाप त्या दिवशी हयात होता का, हा प्रश्नच उरत नाही. हक्क कशामुळे आला हे जन्म सांगतो, कधीपासून बजावता येईल हे तारीख सांगते. वाक्यातला एकही शब्द वाया गेला नाही. चांगल्या अर्थाची माझी कसोटी हीच. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनीही प्रमाणांची उतरंड लावली होती: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. थेट शब्द सर्वांत वर, नुसते नाव सर्वांत खाली. म. म. पां. वा. काणे यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेवरही विस्ताराने लिहिले. ते पाठ्यपुस्तकांच्या जोडीला वाचावे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या टेबलावर येणारे भांडण मात्र बहुधा पोटकलम ५ च्या स्पष्टीकरणातले असते. २० डिसेंबर २००४ ला हे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्या दिवसाआधी झालेले वाटप नवे कलम उकरून काढत नाही. म्हणून भाऊ सांगतात, आमचे वाटप १९९८ लाच झाले. पुरावा म्हणून येतो घड्यांवर फाटलेला फुलस्केप कागद. वर ‘आपसी वाटणीपत्र’, खाली भावांच्या सह्या, दोन पंचांचे अंगठे, बहिणींचे नाव कुठेच नाही. सोबत फेरफाराचा उतारा. आणि स्पष्टीकरण तर म्हणते, वाटप म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप. विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटपाला एक अरुंद वाट ठेवली आहे: सरकारी दप्तरातल्या कागदांचा भक्कम आधार असेल तरच, तेही अपवाद म्हणून. मग तो फेरफार कलमाइतक्याच बारकाईने वाचायचा. नोंद कोणत्या वर्षाची? कुणाच्या जबाबावरून? बहिणींना नोटीस गेली होती का? पुढच्या सातबारांवर पीकपाहणी वेगळी दिसते का, सोसायटीचे कर्ज ज्याचे त्याने काढले का? कागद खरा असेल तर भावांच्या बाजूने उभे राहायलाही माझी हरकत नसते. परवाच्या शाईने लिहिलेल्या जुन्या तारखेसाठी मी उभी राहत नाही.

वाचणाऱ्यांत कुणी बहीण असेल आणि तिच्यापुढे हक्कसोडपत्र आले असेल, तर सही करायची की नाही हा सर्वस्वी तिचा निर्णय. मायेपोटी हक्क सोडणाऱ्या बहिणींचा मी मान राखते. पण ताई, सही करण्याआधी कलम ६ कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, अगदी शेवटच्या स्पष्टीकरणापर्यंत, आणि आपला हिस्सा नेमका किती येतो, तो आकडा कागदावर मांडून घ्या.