आईच्या हाती पुन्हा पुस्तक

आमच्या शहाद्याच्या घरात सकाळचा एक क्रम वर्षानुवर्षे ठरलेला होता. ओट्यावर ऊन उतरले की आई वर्तमानपत्र घेऊन बसे आणि दुपारी जेवणे आटोपल्यावर वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडी. तिने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. त्यातील सुरुवातीची वर्षे सातपुड्याच्या कुशीत, धडगावच्या बाजूला गेली. तिथे संध्याकाळी कंदील आणि पुस्तक एवढीच सोबत असे. त्यामुळे वाचन ही तिच्यासाठी करमणूक नव्हती. ते तिच्या दिवसाचे अंग होते.

तीन वर्षांपूर्वी, तिला एक्याऐंशीवे वर्ष लागले तेव्हा, हा क्रम मोडला. वर्तमानपत्र घडी न मोडता तसेच राहू लागले. विचारले तर ती म्हणे, “त्याच त्याच बातम्या असतात.” मीही ते खरे मानले. एके दिवशी मात्र ती आपल्या बहिणीशी अहिराणीत बोलताना ऐकले, “आते माले दिखस नही.” आम्हा मुलांना जे तिने सांगितले नव्हते, ते बहिणीजवळ सहज निघून गेले. आपण रोज एका घरात राहत असूनही आईचे वाचन सुटल्याचे आपल्याला कळले नाही, याची खंत मला अजून वाटते.

धुळ्याच्या नेत्रतज्ज्ञांनी तपासले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांच्या पूर्वीच झाल्या होत्या, परंतु उजव्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी वयोमानाने झीज सुरू झाली होती. डॉक्टरांनी तिला चौकोनांची जाळी छापलेला एक कागद दिला. एकेक डोळा झाकून तो अधूनमधून पाहायचा आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या तर विलंब न करता दाखवायला यायचे, असे बजावले. मग आईने भीत भीत विचारले, “वाचले तर उरलेली नजरही जाईल का?” डॉक्टर हसून म्हणाले, “वाचनाने डोळे झिजत नाहीत, आजी. थकतात, ते विश्रांतीने बरे होते. तुम्हाला हवे आहे ते मोठे अक्षर, भरपूर प्रकाश आणि काळ्या-पांढऱ्याचा स्पष्ट भेद.” कित्येक वृद्ध आई-वडील हा प्रश्न मनातच ठेवतात आणि वाचन सोडून देतात. म्हणून डॉक्टरांचे उत्तर मुद्दाम इथे लिहिले आहे.

मोठे अक्षर म्हटल्यावर मला पहिल्यांदा मोबाइल सुचला. सर्वांच्या हाती तो आहेच आणि मराठी मजकूरही त्यावर विपुल आहे. पण ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून दोन बोटांनी अक्षर मोठे करावे, तर अनेकदा ओळ पडद्याच्या बाहेर जाई. मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवायचे. तिसऱ्या ओळीपर्यंत पहिल्या ओळीचा संदर्भ सुटे. त्यात मजकुराच्या मध्येच जाहिरात उगवे आणि ती मिटवण्याची फुली मोहरीएवढी! आईच्या कापऱ्या बोटाने फुलीऐवजी जाहिरातच दाबली जाई. असेच एकदा कुठल्याशा पानाने मागितलेली परवानगी तिच्याकडून नकळत दिली गेली. दुसऱ्या दिवसापासून ‘तुमचा फोन धोक्यात आहे’ अशा लाल अक्षरांतील सूचना येऊ लागल्या. आपल्या हातून काहीतरी बिघडले, पैसेही जातील, या धास्तीने तिने फोनला हात लावणेच सोडले. चार दिवस ती नीट झोपली नव्हती, हे नंतर समजले.

पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीने ते दोन मिनिटांत निस्तरले. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ या ठिकाणी जाऊन त्या पानाची परवानगी काढून टाकली, सूचना थांबल्या. फोनला काहीच झाले नव्हते. तिने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. सेटिंग्जमधील ‘अॅक्सेसिबिलिटी’ या भागात अक्षराचा आकार एकदाच वाढवून ठेवता येतो आणि तसे केल्यावर बहुतेक पानांवर ओळ पडद्याच्या रुंदीतच मोडते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘रीडर’ दृश्य. सफारी ब्राउझरमध्ये ते २०१० साली आले आणि फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांतही ते आहे. ते निवडले की जाहिराती आणि चित्रांची गर्दी बाजूला होऊन केवळ मजकूर उरतो. इतकी उपयुक्त सोय एका लहानशा खुणेमागे का लपवावी, हे मला उमगलेले नाही. संकेतस्थळावरील मजकूर दुप्पट मोठा केला तरी वाचता आणि वापरता आला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून आहे. किती पाने तो पाळतात, हे कोणीही आपल्या आई-वडिलांशेजारी बसून पाहावे.

आमच्या तालुक्याच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तो याच शहादा तालुक्यातील टेंभली या गावी. नवे तंत्र आमच्या दाराशी इतक्या आधी येऊन उभे राहिले. आता पेन्शनरांना हयातीचा दाखलाही डिजिटल पद्धतीने देता येतो. परंतु त्याच पडद्यावरचे अक्षर म्हाताऱ्या माणसाला सुखाने वाचता येते का, हा साधा प्रश्न मागे राहिला.

शेवटी मुलीने ई-वाचक यंत्र आणले. त्याची आणि मोबाइलची जात वेगळी आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-वाचकाचा पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परतवतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि कुप्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग कित्येक दिवस पुरते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा या गुणाची किंमत कळते. भर उन्हात, ओट्यावरसुद्धा अक्षर स्वच्छ दिसते. अशा यंत्रांतील सर्वपरिचित किंडल २००७ साली अमेरिकेत आले. त्यावर मराठी पुस्तके मिळू लागली, ती २०१६ च्या अखेरीस.

झोपेच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. बोस्टनमधील एका रुग्णालयातील संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. निद्रेशी संबंधित मेलॅटोनिन हे संप्रेरकही कमी आणि उशिरा स्रवले. अभ्यासात माणसे केवळ बारा होती, म्हणून त्याचा बाऊ करू नये. तरीही ज्यांची झोप आधीच हलकी आहे, त्यांनी रात्री मोबाइल दूर ठेवून कागद किंवा मंद उजेडातील ई-वाचक जवळ करावा, हे शहाणपणाचे.

यंत्रात दोष नाहीत असे नाही, आणि आईने ते शिक्षिकेच्या नजरेने टिपले. पान उलटायला पडद्याला स्पर्श करावा लागतो. म्हातारपणी बोटांची त्वचा कोरडी होते, हात कापतो. कधी पान उलटत नाही, तर कधी दोन उलटतात. कडेला दाबायचे खरेखुरे बटण असते, तर किती बरे झाले असते! सहा इंचांच्या पडद्यावर अक्षर मोठे केले की एका ओळीत तीन-चारच शब्द मावतात. ओळींमधले अंतर वाढवले नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. आणि एका पुस्तकात ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे पाहून ती म्हणाली, “माझ्या पोरांनी पाटीवर असे काढले असते, तर मी पुन्हा गिरवायला लावले असते.” एकीकडे तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले होते. सातपुड्यात राहिलेल्या बाईला खोल दऱ्यांच्या जागी समुद्र दाखवावा, हे तिला फारच लागले. आमच्या यंत्रावरील सूचनाही इंग्रजीत आहेत; त्यांचा मराठी अर्थ मुलीने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे.

एक सूचना अनुभवाने करतो. पीडीएफ स्वरूपातील पुस्तक म्हणजे पानाचे छायाचित्रच समजा. त्यात अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. घेताना अक्षराबरोबर ओळ नव्याने मोडणारे ई-पुस्तक घ्यावे. यंत्र निवडताना ते आपल्या हाती न धरता, ज्यांना वाचायचे त्यांच्या हाती देऊन पाहावे. वजन, अक्षर, उजेड यांचा निर्णय त्यांनाच करू द्यावा. आणि त्याआधी डोळे तपासून घ्यावेत. यंत्र हा उपचार नव्हे.

परवा दुपारी वीज गेली होती. मी आईच्या खोलीत डोकावलो, तर ती खिडकीपाशी यंत्र हाती घेऊन बसली होती. पान उलटताना मान किंचित डावीकडे कलती करते, कारण तो डोळा अधिक चांगला आहे. “काय वाचतेस?” मी विचारले. तिने हाताने थांब म्हणून खूण केली. पूर्वी कादंबरीच्या शेवटी आली की ती अगदी अशीच खूण करीत असे. मी दार ओढून घेतले.