दोन गुरूंचा एक शिष्य

टोकियो शहराच्या कासुगा भागांत कोदोकान हें ज्युदोचें आद्यपीठ आहे. दारापुढें संस्थापक जिगोरो कानो यांचा पुतळा उभा आहे. आंत शिरतांच चटयांवर अंग आपटल्याचा दणदणाट कानीं आला. नवशिक्यास येथें प्रथम पाडावयास नव्हे, पडावयास शिकवितात.

१८८२ सालीं एका देवळांत अवघ्या बारा चटयांवर कानो यांनीं ही शाळा मांडिली. त्यांनीं स्वतः ज्युजुत्सूचे दोन संप्रदाय अभ्यासिले होते. परंतु पहिल्यांत चार वर्षें मुरल्यावरच ते दुसऱ्याकडे वळले. पुढें १९२२ सालीं त्यांनींच ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशी यांस बोलावून कोदोकानांत कराटेचे प्रयोग करविले.

आमच्यासमवेत आलेल्या पुण्याच्या एका तरुणाचा, सकाळीं ज्युदो व सायंकाळीं कराटे, असा दुहेरी आरंभ करण्याचा बेत होता. कराटेंत प्रतिपक्षास हातभर दूर राखून प्रहार करावयाचा. ज्युदोंत त्याची गळपट्टी व बाही धरून त्यास अंगाशीं ओढावयाचें. एकही वळण न लागलेल्या देहास ऐन क्षणीं कोणती आज्ञा पाळावी हें उमगत नाहीं. आणि पडतांना हात टेकला, तर मनगटावर बेततें.

तरुणानें अखेर एकट्या ज्युदोचाच पांढरा पट्टा बांधिला, हें आम्हांस बरें वाटलें. आपल्या मुलांस दोन्ही विद्या अवश्य याव्यात. मात्र निर्धास्त पडतां येईपर्यंत वडीलधाऱ्यांनीं त्यांस दुसऱ्या गुरूच्या दारीं धाडण्याची त्वरा करूं नये.