सातशे ग्रॅमचे गणित

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी हे म्हटले त्यांचे खिसे भरलेले असावेत. माझ्या हौसेचे मोल मला अगदी नेमके ठाऊक होते : आठ हजार रुपये. दोन वर्षे शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेली ती रक्कम; तिला दुसरा हप्ता नव्हता. एवढ्यात मला विजेवर उडणारे आणि जमिनीवरून रेडिओने चालवता येणारे एक लहानसे विमान करायचे होते. कला शाखेच्या मुलीला हे खूळ कोठून लागले, असे मैत्रिणींनी विचारले. द्राक्षबागेवर घिरट्या घालणारी घार मान दुखेपर्यंत पाहत उभे राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, इतकेच मी म्हणेन.

बहुतेक नवशिके आधी मोटार पाहतात. जितकी जोरकस तितकी चांगली, असा त्यांचा हिशेब असतो. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की निवड दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. आधी स्वतःला विचारायचे, मला किती हळू उडायचे आहे? हळू उडायचे तर पंख मोठा हवा आणि वजन कमी हवे. पंख धडाच्या वर बसवलेला आणि दोन्ही टोकांना किंचित उचललेला असला, की कललेले विमान बऱ्याच अंशी आपणहून सावरते. शिकणाऱ्याची बोटे चुकायचीच. त्या चुका पोटात घालणारे विमान हवे. म्हणून लढाऊ विमानांच्या देखण्या प्रतिकृती मी मनातून काढून टाकल्या. त्या वेगाने उडतात आणि वेगानेच पडतात. मी कागदावर लिहिले : पंखाची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर, सगळ्या सामानासह वजन ७०० ग्रॅम. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर सुमारे २९ ग्रॅम भार. पुढची सारी खरेदी या आकड्यांच्या आज्ञेत राहायची.

हा कागद अण्णांच्या हाती पडला.

आमच्या अण्णांचे तासगावात तीस वर्षे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. बागायतदारांच्या पंपाची जळालेली मोटार आली, की तिच्या तारा उपसायच्या, टर्न मोजायचे, नवी तांब्याची तार भरायची आणि वार्निश मारून मोटार परत करायची. पुढे जुनी भरून घेण्यापेक्षा नवी मोटार घेणे लोकांना सोपे वाटू लागले. अण्णांची नजरही बारीक तारेला दाद देईना. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद झाले. तेव्हापासून अण्णा घरात असत, पण घरातल्या कशात नसत.

कागद वाचून ते म्हणाले, "सातशे ग्रॅम? अगं, एवढं तर माझ्या पान्याचं वजन हाय. चांगलं प्लायवूडचं कर. पडलं तरी मोडायचं न्हाई."

ज्या माणसाच्या हयातीत चांगली वस्तू म्हणजे जड वस्तू होती, त्याला फोम कसा पटावा! मी म्हटले, "अण्णा, जड झालं की ते हवेत राहायला जास्त वेग मागणार; आणि वेगात पडलं की जास्तच मोडणार. फोम मोडतो, पण चिकटवला की संध्याकाळी पुन्हा तयार." ते काही बोलले नाहीत. पण पाच मिलिमीटर जाडीचा फोमचा तक्ता आणला, तेव्हा त्यांनी तो हातावर तोलून पाहिला.

खरी गंमत मोटारीपाशी झाली. मोबाईलवर तिचे वर्णन होते, 'हजार केव्ही'. अण्णा दचकलेच. "हजार केव्ही? टॉवरच्या लायनीतसुद्धा चारशे असतात!" इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, बिनभाराची मोटार दर व्होल्टला मिनिटाला किती वेळा फिरेल, तो आकडा. त्याच मापाची दुसरी मोटार १४०० केव्हीची होती, आणि किंमत तेवढीच. त्याच पैशांत चारशे जास्त मिळत असतील तर कोण सोडील? अण्णांनी मात्र खालची बारीक ओळ वाचली. हजारवालीला १३ टर्न होते, चौदाशेवालीला १०.

"टर्न कमी केलं की पळंल जास्त, पण करंटबी जास्त ओढंल. तुला पळायचंय का तरंगायचंय?"

"तरंगायचंय."

"मग तेरा टर्नचीच घे."

जी गोष्ट मी चार रात्री वाचून कशीबशी समजून घेतली होती, ती त्यांच्या बोटांना तीस वर्षे ठाऊक होती. मोटार आली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून न्याहाळली. हिला कार्बन ब्रश नाहीत. तांब्याच्या तारा आत स्थिर आणि चुंबकांचे कवच बाहेरून फिरते. "आतली बाहेर केलीया," असे म्हणून अण्णा कित्येक दिवसांनी हसले. तिला तीन तारा होत्या. जोडल्यावर ती उलटी फिरू लागली. मी पुस्तिका चाळते आहे तोवर अण्णांनी दोन तारांची अदलाबदल केली, आणि ती सुलटी फिरली. थ्री फेजच्या पंपाला हेच करतात.

त्यानंतरचे सामान आम्ही दोघांनी निवडले. हळू उडायचे म्हणून प्रोपेलर मोठा : व्यास १० इंच, पिच साडेचार, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रूसारखा साडेचार इंच पुढे जाऊ पाहणारा. मोटारीचा वेग ताब्यात ठेवणारा स्पीड कंट्रोलर ३० अँपिअरचा. मोटार तितका करंट ओढणार नव्हती, पण "वायर आन् स्टार्टर कायम वरच्या मापाचा घ्यावा," हा दुकानातला नियम अण्णांनी इथेही चालवला. बॅटरी उतरली की हा कंट्रोलर मोटार थांबवतो, पण सुकाणूची वीज चालू ठेवतो, म्हणून विमान तरंगत उतरवता येते. वळायला सुकाणू आणि चढउतारासाठी एलिव्हेटर. दोहोंना नऊ-नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो पुरले.

विजेच्या विमानाचे घोडे पूर्वी बॅटरीच्या वजनापाशी अडत असे. रेडिओने चालवलेले विजेचे विमान उडाल्याची पहिली अधिकृत नोंद ब्रिटनच्या कर्नल टॅप्लिन यांच्या नावे आहे, ३० जून १९५७ ची. त्यांनी चांदी-जस्ताची बॅटरी वापरली होती. आज लिथियम पॉलिमरची तीन सेलची, ११.१ व्होल्ट आणि २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दोनशे ग्रॅमच्या आत बसते आणि आठ-दहा मिनिटे उडवते. पण ही वस्तू तापट आहे. चार्जर तिन्ही सेल समान भरणारा हवा, एक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये, भरताना जवळ बसावे आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चार्जरपाशी बसण्याचे काम अण्णांनी मागून घेतले.

निम्म्याहून अधिक पैसे हातातल्या ट्रान्समीटरवर गेले. तिथे मी हात आखडला नाही. विमाने मोडतात, ट्रान्समीटर पुढच्या चार विमानांना पुरतो. शेवटी पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर दोन बोटे टेकवून, बॅटरी मागे-पुढे सरकवत विमान तोलले. काटा ६९० ग्रॅम दाखवत होता.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दोन किलोपर्यंतच्या हौशी उड्डाणाला वैमानिक परवाना लागत नाही, पण प्रतिबंधित क्षेत्र टाळावेच लागते. सरकारी नकाशा पाहून आम्ही शाळू निघालेले एक रान निवडले. पहिली चार उड्डाणे ढेकळांत संपली. नाक चेपले, दोन प्रोपेलर मोडले, फोम चिकटवला. पाचव्या वेळी अण्णांनी वाऱ्याच्या तोंडावर विमान फेकले आणि ते तरंगले. वस्तीवरची मुले ओरडत धावली. मी सहा मिनिटे श्वास धरून होते.

विमान उतरले तेव्हा मुले पंखाकडे पाहत होती, मी चाकांकडे. अण्णा मात्र गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तळहात मोटारीवर ठेवला, बागायतदाराच्या विहिरीवर ठेवीत तसा.

"कोमट हाय," ते म्हणाले. "भार बरोबर बसलाय."

सामान नीट निवडले की नाही, हे सांगणारे याहून खात्रीचे मोजमाप मला अद्याप आढळलेले नाही.

(द्वितीय वर्ष कला)